भंडाऱ्यात जागेची खरी किंमत कोण सांगणार?

भंडाऱ्यात एका प्लॉटला तीन किमती असतात. पहिली रेडी रेकनरची, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातली. दुसरी खरेदीखतात लिहिलेली. ती बहुतेक वेळा पहिलीच्या अगदी शेजारी नेऊन बसवलेली असते. तिसरी चहाच्या टपरीवरची. दलालाने फुगवलेला भाग वजा केला तर तिसरीच खऱ्याच्या सर्वांत जवळ असते, पण ती कुठल्याच कागदावर नसते. ती कागदावर आणून खाली सही करणारा आणि त्या सहीची जबाबदारी घेणारा माणूस म्हणजे व्हॅल्युअर.

हा व्यवसाय आपल्याच गावात, कुणाच्या हाताखाली न राहता सुरू करावा का, याचा हिशेब मी गेलं वर्षभर मांडतोय. हिशेब इथे मांडण्याचं कारण असं की आपल्या समाजातली सिव्हिल शिकलेली कितीतरी पोरं या कामाचा विचारच करत नाहीत. व्हॅल्युअर म्हणजे बँकेकडून येऊन घराचे फोटो काढून जाणारा माणूस, एवढीच ओळख असते.

माझी डिग्री सिव्हिलची, नोकरी सॉफ्टवेअरची. आपल्या पिढीत यात काही नवल नाही. कॅम्पसला आयटी कंपनी आली, ब्रँच न विचारता घेतलं, पगार साइटवरच्या पगारापेक्षा बरा होता. आज वय 34 आहे. 11 वर्षं कोड लिहितोय, आणि कोविडपासून पुण्याच्या कंपनीचं काम भंडाऱ्यातल्या घरून करतोय. वाटलं होतं की डिग्री आहे, डेटा कळतो, गाव माहीत आहे, मग अडतं कुठे?

नियम वाचल्यावर कळलं कुठे अडतं. कंपनी कायदा 2013 चं कलम 247 आणि त्याखालचे 2017 चे नोंदणीकृत मूल्यांकनकारांचे नियम असं सांगतात की जमीन व इमारत या वर्गासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी हवी आणि पदवीनंतर त्याच विषयातला पाच वर्षांचा अनुभव हवा. माझी 11 वर्षं तिथे शून्य धरली जातात. त्यापुढे मान्यताप्राप्त संस्थेचं सदस्यत्व, 50 तासांचा अभ्यासक्रम, आणि दिवाळखोरी मंडळाची, म्हणजे आयबीबीआयची परीक्षा. पास व्हायला 60 टक्के लागतात, निगेटिव्ह मार्किंग आहे. परीक्षेची मला भीती नाही. पाच वर्षांना पर्याय नाही. साइटवर काम केलेल्या चुलतभावाला पुढे करून भागीदारी करावी असंही मनात आलं होतं. पण दोघांची भागीदारी संस्था नोंदवायची तर दोघेही नोंदणीकृत व्हॅल्युअर लागतात. रस्ता बंद.

एक गोष्ट नीट समजून घ्या. ही नोंदणी कंपनी कायदा आणि दिवाळखोरी संहितेखालच्या कामाला सक्तीची आहे. बँका पॅनेलवर घेताना आपापले निकष लावतात. त्यात जुनी, संपत्ती कर कायद्याच्या कलम 34एबीखालची नोंदणी अजून चालते. गंमत म्हणजे तो कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, नोंदणी मात्र उरली. सगळ्या व्हॅल्युअरना एका छताखाली आणणाऱ्या कायद्याचा मसुदा 2020 मध्ये एम. एस. साहू समितीने दिला होता. त्याचा कायदा झाला नाही. म्हणून आज बँकेला, न्यायालयाला, आयकर खात्याला आणि कंपनीला लागणारा व्हॅल्युअर वेगवेगळ्या दारांतून येतो. नव्या माणसाने कुठल्या दारातून शिरायचं ते आधी ठरवावं.

सगळ्यांना दिसतं ते दार बँकेचं. काम नेमाने येतं, फी कमी. समजा एका रिपोर्टचे अडीच हजार मिळाले आणि महिन्याला 20 रिपोर्ट झाले, तर 50 हजार. त्यातून तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूरच्या फेऱ्यांचं पेट्रोल, टायपिंग, मोजणीचा माणूस वजा करा. माझ्या आजच्या पगाराच्या जवळपासही ते जात नाही. पण पैशांपेक्षा मोठी अडचण दुसरी आहे. कर्ज मंजूर व्हावं असं कर्जदाराला वाटतं, एजंटला वाटतं, आणि टार्गेट असलेल्या शाखेलाही वाटतं. किंमत थोडी वर लिहावी असा दाब तिन्ही बाजूंनी येतो, आणि नाही म्हणणाऱ्याकडे पुढचं काम येत नाही. नियमांसोबतच्या आचारसंहितेत गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी केलेल्या मूल्यांकनाला स्पष्ट मनाई आहे, यशावर अवलंबून फी घेण्यालाही आहे. अमेरिकेत 2008 च्या गृहकर्ज संकटानंतर व्हॅल्युअर निवडण्याचं काम कर्ज विकणाऱ्यांच्या हातून काढून घ्यावं लागलं, ते याच दाबामुळे. आपल्याकडच्या लहान शहरात तर एजंट शेजारी असतो, मॅनेजर ओळखीचा असतो आणि कर्जदार लग्नात भेटतो. फक्त बँकेच्या पॅनेलवर जगणारा व्हॅल्युअर कितपत स्वतंत्र राहील, याबद्दल मला शंका आहे. उरलेलं काम नसतं तर मी हा विचार इथेच सोडून दिला असता.

उरलेलं काम वारसांचं आहे. माझ्या आजोळचं उदाहरण देतो. नाना वारले तेव्हा नानी आधीच गेलेल्या होत्या. मागे तीन मुलगे, दोन मुली आणि बाजारातलं एक घर. शरीयतप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक, म्हणजे एकूण आठ वाटे आणि प्रत्येक बहिणीचा आठवा हिस्सा. इथवर कुणाचाच वाद नव्हता. वाद किमतीचाही झाला नाही, कारण किंमत मोठ्या मामूंनी सांगितली आणि सगळ्यांनी मान डोलावली. रेडी रेकनरने घर 24 लाखांचं, म्हणून बहिणींना तीन-तीन लाख. त्याच गल्लीतल्या व्यवहारांवरून मी आज मोजतो तर ते तेव्हाही 56 लाखांच्या खाली नव्हतं, म्हणजे वाटा सात लाखांचा. अम्मी आणि खाला हक्कसोडपत्रावर सही करून आल्या. मामू लबाड नाहीत. त्यांनी सरकारी कागदावरचा आकडा घेतला, आणि त्या घरात दुसरा आकडा सांगणारं कुणी नव्हतं. बहिणींचा हक्क यावर आपण सभा घेतो, लेख लिहितो, आणि ते योग्यच आहे. पण हक्काचं रुपयांत रूपांतर जिथे होतं, त्या टेबलावर एक तटस्थ माणूस बसवायला आपण विसरतो.

जमीन जाते तेव्हाही हेच होतं. हा जिल्हा भूसंपादन चांगलाच ओळखतो. गोसेखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये झाली, तेव्हापासून पवनीकडच्या गावांनी मोबदल्याच्या फायली सांभाळल्यात. आता नागपूर-गोंदिया आणि भंडारा-गडचिरोली या द्रुतगती मार्गांची चर्चा आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 26 मध्ये बाजारभाव काढायची रीत दिली आहे. मुद्रांकासाठीचा दर बघायचा, आणि परिसरातल्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं घेऊन त्यातल्या जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी काढायची. जे जास्त भरेल ते धरायचं. पण खरेदीखतंच रेकनरला चिकटवलेली असतील तर सरासरी काय निघणार? मुद्रांक शुल्क वाचवायला खतात कमी लिहिलेली किंमत पुढे शेजाऱ्याच्या बांधीच्या मोबदल्यातून वजा होते. संगणकावर मॉडेल लावून किंमत काढू म्हणणाऱ्यांना मी सॉफ्टवेअरवाला म्हणून हेच सांगतो. सूची क्रमांक 2 मधले आकडे तुम्ही कितीही उपसा, कागदावर खरा भाव आलेलाच नाही तर मशीन तो आणणार कुठून? धुऱ्यावर उभं राहून पाणी कालव्याचं आहे की मामा तलावाचं, ते कधी सुटतं, रस्ता वहिवाटीचा आहे की नकाशातला, हे विचारावंच लागतं.

तिसरं काम सामूहिक मालमत्तांचं. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात देशातल्या नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचं पुस्तकी मूल्य सुमारे 6,000 कोटी रुपये आणि बाजारमूल्य सुमारे 1 लाख 20 हजार कोटी दिलं आहे. तेव्हाचं वार्षिक उत्पन्न 163 कोटी. बाजारभावावर 10 टक्के परतावा मिळाला असता तर 12,000 कोटी झालं असतं, असा समितीचा अंदाज होता. पुस्तकात आणि बाजारात वीसपट अंतर. 2025 च्या वक्फ सुधारणा कायद्यावरून जो वाद आहे तो मोठा आहे आणि या लेखाचा विषय नाही. पण मशिदीच्या गाळ्याचं भाडं वडिलांच्या काळातलंच चालू असेल, तर ते वाढवायला कमिटीच्या हातात आधी एक सही केलेला आकडा हवा. त्याच अहवालात असंही नोंदवलं आहे की काही बँका ठरावीक भागांना नकारात्मक क्षेत्र ठरवतात आणि तिथे कर्ज सहज देत नाहीत. मोहल्ल्यातल्या घराची किंमत मोहल्ल्याच्या नावावरून न काढता भिंत, रस्ता आणि प्रत्यक्ष व्यवहार पाहून काढणारा माणूस तिथे उपयोगी पडतो.

म्हणून माझा निर्णय असा. गृहकर्ज फिटायला 14 महिने आहेत. तोवर नोकरी सुरू, आणि शनिवारी नागपूरच्या एका ज्येष्ठ व्हॅल्युअरांसोबत साइट बघायला जाणं. कर्ज फिटलं की त्यांच्याच ऑफिसात पूर्णवेळ, मिळेल त्या पगारावर, पाच वर्षं. माझी पहिली सही चाळिशीत पडेल. घर तेव्हा बायकोच्या पगारावर चालेल. ती शिक्षिका आहे. तिने हिशेब माझ्याआधी केला होता आणि माझ्यापेक्षा कठोर केला होता. सही मिळाल्यावर एकूण कामात बँकेचं काम निम्म्यापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, ही अटही तिचीच.

तुम्ही 23-24 वर्षांचे असाल आणि साइटवरच्या कमी पगाराला कंटाळून आयटीचे फॉर्म भरत असाल, तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मला त्या पगाराने घर दिलं. पण तुमची पाच वर्षं आत्ताच मोजली जाताहेत, हे लक्षात असू द्या. काम बदलताना प्रत्येक ठिकाणाहून अनुभवाचं पत्र तारखांसकट, लेटरहेडवर घ्या. ठेकेदार नंतर सापडत नाही.

वारसांच्या कामासाठी मी एक पद्धत ठरवली आहे. अर्जावर सगळ्या वारसांची सही लागेल, रिपोर्टची प्रत प्रत्येकाला मिळेल, बहिणींनाही थेट त्यांच्या घरी. मोठ्या मामूंना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फी कौन देगा बेटा?" मी म्हटलं, ज्याचा जितका वाटा तितकी फी. तीन हजारांच्या रिपोर्टमध्ये अम्मीच्या वाट्याला 375 रुपये आले असते.