पंचवीस गुणांची नदी

शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदीच म्हणतात. ज्या गावाने नदीचे नाव लावून घेतले, त्या गावातल्या पोराला पर्यावरणाचा प्रकल्प करायचा असतो तेव्हा ते नदीवर जात नाही, झेरॉक्सच्या दुकानात जाते. तिथे 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' तयार मिळते. पहिल्या पानावरचे नाव बदलले आणि स्पायरल बाइंडिंग केले की काम झाले. आत गंगा असते, यमुना असते, घोड नसते. दौंडला भीमेच्या काठी याहून फार वेगळे चित्र असेल असे समजायचे कारण नाही.

पर्यावरण हा विषय कुणा कुलगुरूंच्या हौसेने आलेला नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण सक्तीने शिकवा, असा आदेश दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाला अभ्यासक्रम सर्वत्र लावायला त्यानंतर एक तप लागले. आयोगासाठी पाठ्यपुस्तक लिहिणारे एराक भरुचा पुण्याचेच, आणि पेशाने शल्यचिकित्सक. त्या नमुना अभ्यासक्रमात तासिका ५०, त्यांतल्या पाच क्षेत्रभेटीच्या. पण शंभरातले २५ गुण त्या पाच तासांना. बाहेर पडण्याचे मोल आयोगाला कळले होते. महाविद्यालयात मात्र हा पेपर ज्याचा वर्कलोड भरत नाही त्याच्या गळ्यात पडतो, आणि ते पंचवीस गुण फाइलच्या जाडीवर पडतात. अभ्यासक्रम पुढे बदलले, नवे शैक्षणिक धोरणही आले. फाइल तीच राहिली.

मूळ घोटाळा असा की, पर्यावरण म्हणजे विज्ञानाचे धाकटे भावंड, असे आपण धरून चाललो. प्राणवायू, कार्बन, ओझोन यांच्या व्याख्या पाठ केल्या की विषय संपला. हे किती अपुरे आहे ते पाहायला शिरूरच्या मुलांना तालुक्याबाहेर जावे लागत नाही. घोडेच्याच काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी तिथे १९६८पासून अनेक हंगाम उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे इथे शेतकरी राहत होते. शंभराहून अधिक घरे सापडली. जळालेल्या दाण्यांवरून जव, गहू, मसूर ओळखता आले. पुराचे पाणी वळवण्यासाठी काढलेला चर आणि बांधही मिळाला, म्हणजे पाटपाण्याचा विचार या तालुक्यात चिंचणीच्या धरणाच्या तीन हजार वर्षे आधी झालेला. हे सगळे विज्ञानाचे.

पण त्याच घरांच्या जमिनीखाली झाकणाच्या मातीच्या पेटीत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती निघाली, आणि सोबत बैल. तान्ही मुले दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून पुरलेली. मोठ्या माणसांचे मृतदेह घरातच, पण घोट्याखाली पाय तोडून; मेलेल्याने उठून जाऊ नये म्हणून, असा तर्क केला जातो. याला कुठला विभाग म्हणायचे?

शेवटच्या काळात तिथली प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरची भिस्त वाढली, आणि एक दिवस गाव उठले. ढवळीकरांनी त्याचे कारण कोरड्या पडत गेलेल्या हवामानात पाहिले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अभ्यासिकेने तिथल्याच बालकांच्या सांगाड्यांवरून त्यांची वाढ कशी खुंटली ते तपासले आणि दुष्काळाचे ते सरळ उत्तर पुन्हा प्रश्नात आणले. पाऊस कमी झाला, की माणसांनी जमिनीकडून झेपेल त्याहून जास्त मागितले? उसाच्या पट्ट्यात बसून हा प्रश्न वाचताना अंगावर काटा येतो. निदान यायला हवा.

आता दौंडकडे. रांजणगाव सांडसजवळ (गणपतीचे रांजणगाव वेगळे, बाहेरच्यांची नेहमी गल्लत होते) मुळा-मुठा भीमेला मिळते. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. पुणे जे मोरीत सोडते ते इथे येते. जलपर्णीचा हिरवा गालिचा उन्हाळ्यात त्याची पोच देतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले शहराचे वापरलेले पाणी बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतांना दिले जाते. धरणातले चांगले पाणी शहराला आणि शहराचे वापरलेले पाणी शेताला, असा हा सौदा. त्याच तालुक्यातून, यवत आणि वरवंडच्या मुक्कामांवरून, तुकोबांची पालखी पंढरपूरला जाते. खाली उजनीत साठते आणि चंद्रभागेला पोहोचते ते पाणीही भीमेचेच. रसायनशास्त्राच्या मुलीने त्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजावा. वाणिज्यच्या मुलाने कुणाचे किती पाणी कुठल्या कराराने कुणाला गेले ते लिहावे. आणि मराठीच्या मुलाने घाटावर बसून विचारावे की मावशी, या पाण्यात हात घालताना तुम्ही काय मनात आणता? ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांच्या धार्मिक अर्थावर १९९५मध्ये अख्खे पुस्तक काढले. आपल्याकडची नदीभक्ती मोक्षापेक्षा सुबत्ता, लेकुरवाळेपण आणि दूधदुभते यांच्याशी जास्त जोडलेली आहे, हे त्यातले निरीक्षण. नदीची ओटी भरणारी बाई आणि नदीला नाला जोडणारा अभियंता यांची गाठ अभ्यासक्रमात कुठेच पडत नाही. ती पडली तर अडचण दोघांचीही होईल. म्हणूनच ती पाडावी.

श्रद्धा म्हणताच आपल्याकडे दोन टोके होतात. एका टोकाला ५ जूनचे भाषण : तुकोबांचा झाडावेलींचा तो एक अभंग म्हणायचा, पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे सांगायचे, रोप लावून फोटो काढायचा. १६३०च्या दुष्काळात त्याच तुकोबांचे घर कसे उद्ध्वस्त झाले, पहिली बायको अन्नावाचून कशी गेली, हे त्या भाषणात कधी येत नाही. दुसऱ्या टोकाला देवाधर्माचे नाव निघताच नाक मुरडणारे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पाहिल्या, तेव्हा यांतले काहीच केले नाही. झाडे नोंदवली आणि कुठल्या देवाच्या धाकाने ती टिकली तेही नोंदवले. देवाने राखलेले रान आणि देवाच्याच नावाने नदीत टाकलेले निर्माल्य, दोन्ही एकाच वहीत लिहायला हवे. रांजणगावला महागणपती आहे आणि औद्योगिक वसाहत आहे; कुरकुंभला फिरंगाई आहे आणि रासायनिक कारखाने आहेत. दोन्हीकडच्या रांगा रोज शेजारून जातात. यावर एखादा प्रबंध आहे का, असे विचारायची सोय नाही.

बिबट्याचे तर ताजे आहे. २०२५च्या दिवाळीच्या आगेमागे शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन जीव गेले, त्यांत दोन मुले. ज्या घरचे मूल गेले त्याला सहजीवनाचे व्याख्यान देऊ नये, एवढी समज आधी हवी. पण नंतर तरी प्रश्न नीट लावावे लागतात. उसात बिबट्या लपतो, पिल्ले वाढवतो, हे जीवशास्त्र. ऊस इतका का, हे कालव्याचे आणि कारखान्याचे अर्थशास्त्र. माणूस रात्री शेतात पाण्याची दारे धरायला का जातो? शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते म्हणून, हे राज्यशास्त्र. पिंजरा लावून पकडलेला बिबट्या दुसरीकडे सोडला की प्रश्न मिटतो, असे वाटते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये मांडलेला जुन्नर भागातला अनुभव उलटा आहे : सोडण्याचा सपाटा लागल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले. आणि जुन्नर-अकोले तालुक्यांच्या डोंगरात वाघोबाची शेंदूर फासलेली ठाणी आहेत. तिथल्या माणसांनी भीतीशी कोणता करार केला होता, हे विचारणे अंधश्रद्धा नव्हे.

तेव्हा मागणी छोटी आहे. त्या पंचवीस गुणांची फाइल एकट्याने करू देऊ नये. कला, वाणिज्य, विज्ञान यांतला एकेक, असे तिघे मिळून एक वही. विषय तालुक्याच्या हद्दीतला. तपासणारे मास्तरही तीन विभागांचे. वहीत एक पान तरी असे असावे जिथे तिघांचे एकमेकांशी पटलेले नाही. टंकलेखन नको, हस्ताक्षर चालेल, म्हणजे झेरॉक्सवाल्याचाही निरोप घेता येईल.

वर्ष सुरू होते तेव्हाच पालखी यवतला असते. पहिली क्षेत्रभेट तिथेच ठेवावी : सकाळी मुळा-मुठेचे पाणी बाटलीत भरावे, दुपारी दिंडीतल्या माणसांशी बोलावे. जेवणाची चिंता करायला नको, पिठलं-भाकरी गावच घालते.