राखाडी रंगाखालची मोटरसायकल

१/७
जुन्या लष्करी वाहनांच्या जाहिरातींत एक छायाचित्र वारंवार दिसते: राखाडी रंगाची साइडकारवाली मोटरसायकल, टाकीवर बीएमडब्ल्यूचे बोधचिन्ह, मडगार्डवर जर्मन लष्कराचा क्रमांक. सोबत ग्वाही, ‘दुसऱ्या महायुद्धातील, संपूर्ण जीर्णोद्धार केलेली’. अशा अनेक गाड्या मुळात जर्मन नसतात. हा जीर्णोद्धार नव्हे, वेषांतर आहे.

२/७
बीएमडब्ल्यूने आर-७१ हे मॉडेल १९३८ ते १९४१ या काळात बनवले. समोरासमोर आडवे बसवलेले दोन सिलिंडर, ७४५ सीसीचे इंजिन, मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट. याच गाडीवरून सोव्हिएत संघाने एम-७२ घडवली. १९४१ मध्ये मॉस्कोत तिचे उत्पादन सुरू झाले.

३/७
त्याच वर्षी जर्मनीने आक्रमण केले. शत्रू मॉस्कोजवळ पोहोचताच कारखाना पूर्वेला, उरल पर्वताच्या पलीकडे, इर्बित या गावी हलवण्यात आला. तेथे बिअरच्या कारखान्याच्या जुन्या इमारतीत यंत्रे बसली. १९४२ च्या आरंभी तेथून एम-७२ बाहेर पडू लागली, ती जर्मन सैन्याशी लढण्यासाठी.

४/७
युद्धानंतर हाच आराखडा चीनला मिळाला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चिनी लष्करासाठी चांग जियांग ७५० बनू लागली आणि पुढे अनेक दशके बनत राहिली. अस्सल आर-७१ आज दुर्मीळ आहे. तिची सोव्हिएत आणि चिनी भावंडे त्या मानाने सहज मिळतात. रूप सारखे, भाव मात्र जर्मन नावाला. वेषांतराचे कारण एवढेच.

५/७
‘गाडी मालकाची, रंगही त्याच्या आवडीचा’, असा युक्तिवाद केला जातो. चित्रपटासाठी किंवा हौसेसाठी तो मान्य करता येईल. विक्रीच्या वेळी मात्र गाडी ही वस्तू न राहता पुरावा ठरते. आक्रमकाचे चिन्ह प्रतिकार करणाऱ्याच्या गाडीवर चढते, तेव्हा इर्बितच्या कामगारांचे श्रम पुसले जातात. खरेदीदाराची फसवणूक होते ती वेगळीच.

६/७
पारख कशी करावी? रंगाकडे दुर्लक्ष करून इंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक पाहावेत आणि ते कागदपत्रांशी ताडावेत. गाडी आर-७५ असल्याचा दावा असेल, तर साइडकारच्या चाकालाही इंजिनाची गती मिळते का, हे तपासावे. आर-७५ मध्ये ती सोय होती. एम-७२ मध्ये नव्हती.

७/७
एम-७२ ला जर्मन नावाची उसनवारी करण्याची गरज नाही. वेढ्याच्या छायेत स्थलांतरित झालेल्या कारखान्याची ती निर्मिती आहे. जीर्णोद्धार करणाऱ्याने तिला तिचा हिरवा रंग द्यावा आणि विकणाऱ्याने जाहिरातीत तिचे खरे नाव लिहावे.