गुणांबद्दल विचारणे हा उद्धटपणा का?

निकाल लागला की स्टाफरूमच्या दाराशी चारदोन विद्यार्थी घुटमळताना दिसतात. आत जावे की न जावे, हे त्यांचे ठरत नसते. बहुतेक जण तसेच माघारी फिरतात. ‘सरांशी वाद घातला तर पुढच्या सत्रात बघून घेतील’ ही भीती एकीकडे आणि ‘गुरूला कोणी जाब विचारते का?’ हा घरचा संस्कार दुसरीकडे. यांतली भीती मी समजू शकते. संस्काराचे मात्र मला मुळीच पटत नाही.

कारण त्याच संस्कारात आपण टिळकांची गोष्ट ऐकत वाढलो. शाळकरी बाळने ‘संत’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिला, गुरुजींनी एक बरोबर धरून दोन चूक दिले आणि बाळ मुख्याध्यापकांपर्यंत भांडत गेला, असे सांगतात. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, १ ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला हमखास टाळ्या पडतात. परीक्षक म्हणून बसलेले प्राध्यापकही टाळ्या वाजवतात. आता ही गोष्ट म्हणजे गुणांची तक्रार नव्हे तर दुसरे काय? पण टाळ्या घेणारा तोच विद्यार्थी निकालानंतर आपली वही बघायला मागू लागला, की तो ‘फार शहाणा’ ठरतो!

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेपुरती परिस्थिती बरीच पालटली आहे. महाराष्ट्राच्याच परीक्षा मंडळाच्या एका खटल्यात, तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला दाखवायची नाही हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली उचलून धरला होता. पुढे २००५ साली माहितीचा अधिकार कायदा आला आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाने आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मान्य केला. आज शुल्क भरून छायांकित प्रत मिळते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. ज्या परीक्षकाचे आपण तोंडही पाहिलेले नाही, त्याच्या तपासणीवर शंका घ्यायची रीतसर सोय आहे. आणि रोज ज्यांच्यासमोर बसतो, त्यांनी दिलेल्या अंतर्गत गुणांचे काय?

गेल्या वर्षी एका विषयात मला लेखी परीक्षेत साठांपैकी ४४ गुण पडले आणि अंतर्गतचे चाळीसांपैकी १७. मी विचारायला गेले. सर रागावले नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. “गुण वाढवून हवेत ना?” एवढेच म्हणाले. मी म्हटले, “नाही सर, कुठे कमी पडले ते बघायचंय.” त्यांनी कपाट उघडले. आमच्या निबंधवह्या तिथे नव्हत्या. मे महिन्यात कपाट रिकामे करताना त्या रद्दीत गेल्या होत्या. सर ओशाळले. म्हणाले, “वाचूनच दिले असतील गं मी.”

दिले असतीलही. सतरा हा आकडा चूक होता असा माझा दावा नाही. तो बरोबर होता की चूक, हे आता त्यांनाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे. गुणपत्रिकेवर मात्र तो कायमचा बसला. बी.एड.ला खुल्या वर्गासाठी पदवीला ५० टक्क्यांची अट आहे. काठावरच्या मुलीचे असे चार गुण गेले तर तिची नोकरीची वाटच बंद होते.

प्राध्यापकांची अडचण मला दिसत नाही असे नाही. आज कित्येक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्गांमागून वर्ग घेतात. त्यांना पैसे तासाचे मिळतात. घरी बसून शंभर वह्या वाचल्या त्याचे कोण देतो? शिवाय आमच्यांतही असे महाभाग आहेत, की जे वही न देताच गुण मागतात आणि नाही मिळाले तर कुणाकुणाच्या चिठ्ठ्या आणतात. या मंडळींमुळे खरे विचारणाराही मागणाऱ्यांतच जमा होतो. पण त्यावरचा उपाय दार लावून घेणे हा नव्हे. कोणते गुण कशाचे, हे वहीवर लिहिलेले असले तर वशिल्यालाही आपोआप आळा बसेल.

फार मोठी सुधारणा लागणार नाही. गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी वह्या एक दिवस वर्गात परत द्याव्यात, प्रत्येकीवर दोन ओळींचा शेरा असावा, आणि एखाद्याचे समाधान झाले नाही तर विभागातल्या दुसऱ्या शिक्षकांनी ती वही वाचावी. तक्रारीची मुदत संपेपर्यंत रद्दीवाल्याला मात्र थांबवावे. २०११ च्या निकालानेही पाहण्याचा हक्क दिला तो उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या मुदतीपुरताच. वहीच उरली नाही तर हक्क घेऊन करायचे काय?

या अर्थाचा अर्ज मी वर्गातल्या तेवीस जणांच्या सह्यांनिशी विभागप्रमुखांकडे दिला आहे. पाच जणांनी वाचून, मान डोलावून, सही मात्र केली नाही. या सत्राच्या वह्या फेब्रुवारीत जमा होतील, तोवर उत्तर यावे अशी अपेक्षा आहे.