पापलेट मोजणार कोण?

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी किमान आकारमान ठरवले : पापलेट 14 सेंटीमीटर, बोंबील 18, हलवा 17, बांगडा 14, सुरमई 37. याहून लहान मासा पकडायचा नाही. मान झाला, मापही झाले. आता किनाऱ्यावरच्या कुठल्याही मासळीबाजारात सकाळी चक्कर मारावी. तळहाताएवढीही नसलेली पापलेटची पिल्ले वाटे लावून मांडलेली दिसतील, आणि त्यांच्याभोवती घासाघीस करणारी गिऱ्हाइकेही.

हा मान ज्याच्या जिवावर मिळाला ते गाव पालघर जिल्ह्यातले सातपाटी. वागरा जाळ्यात सापडलेले मोठे, चकचकीत पापलेट ही या गावाची जुनी ओळख. पापलेटचा भाव वजनाच्या प्रतवारीप्रमाणे ठरतो. मासा जितका मोठा, तितका किलोमागचा दर चढा. म्हणजे पिल्लू पकडणारा नाखवा दुहेरी नुकसान करतो : आज त्याला मातीमोल पैसे मिळतात आणि अंडी घालायच्या आतच मासा संपल्याने पुढच्या हंगामाची पैदासही बुडते. हे सातपाटीच्या कोळ्यांना कुणी शिकवायला नको. तरीही जाळे टाकले जाते, कारण आपण सोडलेले पिल्लू शेजारची बोट उचलणार याची प्रत्येकाला खात्री असते.

या खात्रीनेच किनारा पोखरला आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार राज्याचे सागरी मत्स्योत्पादन 2018 मधल्या 2.95 लाख टनांवरून 2019 मध्ये 2.01 लाख टनांवर घसरले. 45 वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे आली, मासेमारीचे कित्येक दिवस फुकट गेले, हे खरेच. पण सगळे खापर वादळांवर फोडणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही.

पर्ससीन जाळे माशांच्या थव्याभोवती गोल टाकतात आणि बटव्याची नाडी ओढावी तशी त्याची खालची दोरी आवळतात. अख्खा थवा एका दमात बोटीवर. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जातो. एलईडीवाले तर रात्री जनरेटर लावून उजेड पाडतात आणि दिपलेले मासे, लहानमोठे न पाहता, गोळा करतात. एलईडीच्या या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्येच बंदी घातली. पर्ससीनबाबत राज्याने सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश काढला : परवाने 494 वरून 262 आणि अखेर 182 वर आणायचे, मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. कागद चोख आहे. पण राज्याची हद्द 12 सागरी मैलांपर्यंतच, आणि ‘आम्ही पलीकडे जातो’ असे सांगून निघालेली बोट नेमकी कुठे जाळे टाकते हे किनाऱ्यावरून दिसत नाही.

याचा पहिला फटका रापणीला बसतो. सिंधुदुर्गात रापण म्हणजे पन्नासेक माणसांनी दोन बाजूंनी ओढायचे जाळे आणि प्रत्येकाचा ठरलेला वाटा. मासा किनाऱ्याजवळ आला तरच ही माणसे जेवणार. तो वाटेतच उचलला गेला, तर तरुण पोरे दोर सोडून तारकर्लीच्या पर्यटकांना पाण्याखाली बुडी मारायला नेतात. त्यांना नावे कोण ठेवणार? शेजारच्या गोव्यात रापणकारांनी हेच दुखणे घेऊन 1970 च्या दशकात रस्त्यावर लढा दिला, मातान्ही साल्ढाणांसारखे नेते त्यातून पुढे आले.

पारंपरिक तेवढा साव आणि यांत्रिक तेवढा चोर, अशी सोपी वाटणीही टिकत नाही. पारंपरिक डोल जाळ्याच्या बारीक आसाच्या खोलातही पापलेटची पिल्ले मरतात. वसई-उत्तनकडचे कोळी सातपाटी-डहाणूसमोर कवी, म्हणजे डोल जाळी बांधायचे खांब, रोवतात यावरून दोन्हीकडच्या कोळ्यांत वर्षानुवर्षे भांडण आहे, आणि तिथे परका ट्रॉलर कुणीच नाही.

2021 मध्ये राज्याचा सागरी मासेमारी नियमनाचा 1981 चा कायदा दुरुस्त होऊन दंड लाखांत गेला, खटले तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाकडे आले. जानेवारी 2025 पासून ड्रोनही उडताहेत. एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा मिळाला. कर्ज स्वस्त होईल, मासा काही त्याने वाढणार नाही. उलट स्वस्त कर्जातून आणखी बोटी उतरल्या, तर उरलेल्या माशाचे वाटेकरी तेवढे वाढतील.

खरे तर ड्रोनपेक्षा स्वस्त उपाय बंदरावर आहे. प्रत्येक बोट शेवटी जेटीलाच लागते, मासळी तिथेच लिलावात चढते. समुद्रभर पाठलाग करण्याऐवजी तिथे मोजपट्टी घेऊन माणूस उभा करावा, लहान मासळी जप्त करावी आणि नाखव्याबरोबर ती उचलणाऱ्या व्यापाऱ्यालाही धरावे. डिझेलच्या परताव्यावर सरकारचा हात आहेच. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या बोटीचा तो थांबवावा. मच्छीमार संस्थांनीही आपल्या सभासदाला पाठीशी घालणे सोडावे.

आणि वाचकहो, शाळेची मोजपट्टी 15 सेंटीमीटरची असते. तिच्याहून आखूड दिसणारे पापलेट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.