चेक नव्हे, उधारीची चिठ्ठी



माझ्या घरच्या पेटीत एक चेक पडून आहे. १८ क्विंटल कापसाचे ९० हजार रुपये त्यावर अक्षरी लिहिले आहेत, खाली झोकदार सही आहे. २०१६ चा हिवाळा, नोटाबंदीचे दिवस. व्यापारी म्हणाला, "भाऊ, नोटा आणू कुठून? चेक घ्या." तारीख महिनाभर पुढची. ती उजाडली तेव्हा म्हणाला, "आठ दिवस थांबा, गाठींचे पैसे अडकलेत." मग पुन्हा आठ दिवस. असे करता करता तीन महिने उलटले. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत घालावा लागतो, हे मला बँकेच्या खिडकीवर कळले. व्यापाऱ्याला ते आधीपासून ठाऊक होते.

खेडा खरेदीत हा खेळ जुनाच आहे. दिवाळीनंतर गावात नवा माणूस येतो. सोबत गावातलाच दलाल, कारण परक्यावर कोणी विश्वास टाकत नाही. भाव बाजारापेक्षा दोनशे रुपये जास्त. पहिली गाडी रोखीने. दुसरी अर्धी रोख, अर्धा चेक. तो चेक वटतो आणि गावभर नाव होते. तिसऱ्या फेरीला घरोघरच्या गंज्या मोजल्या जातात, ट्रक भरतात आणि हातात पडतात नुसते चेक. बँकेत जावे तर खात्यात शिल्लक नाही, नाहीतर खातेच बंद.

शहरातले शहाणे म्हणतात, शेतकरी हावरा, दोनशे रुपयांसाठी फसला. अरे, घरात पाय ठेवायला जागा नाही इतका कापूस भरलेला, वेचणीची मजुरी द्यायची, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर, बाजार समिती दूर, गाडीभाडे आणि हमाली वेगळी. अशा वेळी दारात काटा आला तर माल जाणारच. याला हाव म्हणणाऱ्याने एक हंगाम कोरडवाहू कापूस पिकवून पाहावा.

पण हिशेब आपणही करत नाही. समजा २० क्विंटल कापूस ७,५०० ऐवजी ७,७०० ने दिला. जास्तीचे मिळाले ४ हजार. चेक दोन महिने पुढचा. तेवढ्या दिवसांत दीड लाखाच्या उधारीवर महिना दोन टक्क्यांनी ६ हजार व्याज चढले. चेक वटला तरी आपण २ हजारांनी खाली! पुढच्या तारखेचा चेक घेणे म्हणजे कर्जात बुडालेल्या माणसाने जिनिंगला भांडवल पुरवणे. तेही बिनव्याजी, बिनतारण. आणि बँकेला आपल्याला कर्ज देताना सातबारा लागतो!

आणखी एक चलाखी पाहा. चेक पुष्कळदा सौदा करणाऱ्याच्या खात्याचा नसतोच. ड्रायव्हरचा नाहीतर साल्याचा असतो. कायद्याने चेकचा गुन्हा लागतो तो खातेदाराला. माल नेणारा नामानिराळा राहतो. पोलिसात जावे तर ऐकायला मिळते, "हे दिवाणी प्रकरण आहे." बाजार समिती म्हणते, "आवाराबाहेरचा सौदा, आमचा संबंध नाही." सेस गोळा करताना मात्र आवाराबाहेरचा सौदा यांना बरोबर दिसतो.

म्हणून गाडी हलण्याआधी पैसे खात्यात. परवाना कोणाचा, बाजार समितीचा की पणन संचालकांचा, ते कागद पाहून. व्यापाऱ्याच्या मोबाईलवरचा 'पैसे गेले' हा संदेश पैसे नव्हेत. आपल्या बँकेने सांगितलेली शिल्लक खरी. "चेक वटायला आठवडा लागतो" ही सबबही आता चालत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने समाशोधनाची रीत बदलली आहे. दिवसाच्या ठरलेल्या वेळेत समाशोधनात गेलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत लागतो. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याने आजच्या तारखेचा चेक द्यावा. तो वटेपर्यंत कापूस आपल्याच घरात राहील, कुजत नाही. ज्वारीचेही तेच.

ज्यांच्या हाती चेक आधीच पडला आहे त्यांनी गोड बोलण्यावर एक दिवसही घालवू नये. तारीख आली की बँकेत घाला. परत आला तर बँकेचा कारण लिहिलेला मेमो घ्या. ते कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस. तेही गेले तर पुढच्या महिनाभरात फौजदारी न्यायालयात तक्रार, कलम १३८ खाली. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, आपल्या खात्यात घातलेल्या चेकचा खटला आपल्या बँकेची शाखा ज्या न्यायालयाच्या हद्दीत असेल तिथेच चालतो. त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. २०१८ पासून खटला चालू असताना चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा हुकूमही न्यायालय करू शकते.

फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. मीही बसलो होतो, शेजाऱ्यालाही सांगितले नाही. पुढच्याच हंगामात तोच व्यापारी शेजारच्या गावात काटा लावून बसला.

जिल्हा बैठकीला येताना असे चेक, बँकेचे मेमो आणि काटापट्टी घेऊन या. तालुकावार यादी करू, दलालांच्या नावांसह. अस्सल चेक मात्र कोणाच्याही हाती देऊ नका, आमच्याही नाही. झेरॉक्स आणा.