स्नीक अटॅकसाठी लपावं लागत नाही



'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातलं रोग क्लासचं पात्र लपल्याशिवाय स्नीक अटॅक करू शकत नाही, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं साफ चूक आहे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत लक्ष्याच्या पाच फुटांत त्याचा दुसरा कुणी शत्रू, बहुधा आपलाच साथीदार, धडधाकट उभा असला आणि वार करताना डिसअ‍ॅडव्हान्टेज नसला, की झालं. हत्यार मात्र खंजीर, रेपियर किंवा धनुष्याच्या जातीचं हवं. कुऱ्हाड चालत नाही.

शिवाय स्नीक अटॅकची मर्यादा टर्नमागे एकदा, राउंडमागे नव्हे. पाचव्या लेव्हलला आपल्या टर्नमध्ये सहा बाजूंचे तीन फासे जास्तीचे मिळतात. शत्रू पळू लागला की त्याच्या टर्नमध्ये रिअ‍ॅक्शनचा वार, आणि अटी जुळल्या तर पुन्हा तीन. पत्रलेखक याला लबाडी म्हणतात. मग त्याच लेव्हलचा फायटर एका अ‍ॅक्शनमध्ये दोनदा तलवार चालवतो, ते त्यांना कसं चालतं?

– एक वाचक, पुणे