नळी झाली, डबी कोण बनवणार?

चाकण पट्ट्यातल्या कुरुळीच्या एका शेडमध्ये या आठवड्यात एक विक्री प्रतिनिधी सांगून गेला की, दोन वर्षांत प्रत्येक स्पिंडलवर कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीचा, सेन्सर बसेल. मला राग आला. मोजमापाबद्दलचं असं सैल बोलणं मला खपत नाही.

नॅनोट्यूबच्या मोजण्याच्या ताकदीबद्दल वाद नाही. ग्राइंडिंग व्हील चढवणाऱ्याला तिचं तत्त्व लगेच कळेल. व्हील टांगून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर चढवायचं, बद्द वाजलं तर तडा समजून बाजूला ठेवायचं. नळीलाही असंच हलवून विचारतात. दोन्ही टोकांना धरलेल्या नळीवर कण बसला की कंपनं मंदावतात. वस्तुमान एक टक्का वाढलं तर वारंवारता साधारण अर्धा टक्का उतरते. नळी इतकी हलकी की एकेका अणूचा भारही तिला जाणवतो. २०१२ मध्ये बार्सिलोनात एड्रियन बाख्टोल्ड यांच्या गटाने जेमतेम १५० नॅनोमीटरची नळी सेकंदाला सुमारे २ अब्ज वेळा कंपवली आणि १.७ योक्टोग्रॅमपर्यंतचा, म्हणजे एका प्रोटॉनएवढा फरक टिपला.

पण व्हील ओलं किंवा तेलकट असेल तर धडधाकट व्हीलही बद्द वाजतं, हे जुना ऑपरेटर ट्रेनीला पहिल्याच दिवशी सांगतो. नळीचं दुखणं तेच, कित्येक पटींनी. बार्सिलोनाचं मोजमाप अतिनिर्वातात आणि कडक थंडीत झालं. आपल्या शॉपमधल्या कुलंटच्या धुक्यात उघडी नळी काय सांगणार?

म्हणून खरं काम नळी ज्यात बंद करायची त्या डबीचं आहे. गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेत आज सिलिकॉनचा कंप पावणारा सूक्ष्म जायरो असतो. तो चालतो, कारण तो हवाबंद डबीत असतो. कंपनांचं ज्ञानही दूर नाही: मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) मंदार देशमुख यांच्या गटाने ग्राफीनच्या आणि नॅनोतारांच्या कंपनांवर काम केलं. देशमुखांना २०१५ चा भटनागर पुरस्कारही मिळाला. म्हणजे ज्ञान राज्यातच आहे. चाकण पट्ट्याला मात्र जोडणीपलीकडे बघायचंच नाही, असं माझं ठाम मत आहे. सीलिंग, गळती तपासणी, कॅलिब्रेशन ही आपल्या टूलरूमच्या मुलांना शिकता येण्यासारखी कामं आहेत. पुढचा प्रतिनिधी आला की त्याला नळीबद्दल विचारू नका. डबी किती महिने निर्वात टिकते आणि कॅलिब्रेशन कोण करणार, ते लेखी मागा.